नाणेघाट चढणारा बैल

एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला मध्ययुगातली मालवाहतूक कागदावर नको, डोळ्यांनी पाहायची होती. पाठीवर गोण्या घेऊन बैल नाणेघाट कसा चढतो, हे बघायचं ठरलं आणि पशुवैद्य म्हणून जनावराची जबाबदारी माझ्यावर आली. ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून केलेल्या 1965 च्या सरकारी नियमांप्रमाणे मध्यम बैलाच्या पाठीवर 150 किलोपर्यंत ओझं चालतं, मोठ्या बैलाच्या 175. पण हल्लीचे बैल औताचे, पाठीवरच्या ओझ्याची त्यांना सवय कुठली! 60 किलोच्या वर मी काही चढवू दिलं नाही.

बैल डांगी, अकोल्याकडचा. टणक काळे खूर, तेलकट कातडी. धो धो पावसात टिकणारी ही जात. मालकमामांनी वशिंडामागे घोंगडीची घडी टाकली, दोन अंगांना भाताच्या दोन गोण्या सोडल्या आणि तंग आवळला.

घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्याकडून निघालो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. रानातली चढण त्यानं सहज काढली. वर लेण्याजवळ, दगडी पायऱ्यांच्या तोंडाशी मात्र तो उभाच राहिला. मुलं हाकायला लागली.

"हाकू नका रे त्याला," मामा म्हणाले. "डॉक्टर, गोणी बघा."

डावी गोणी चार बोटं खाली उतरली होती. घोंगडीखाली हात घातला तर तिथली कातडी तापलेली, केस घासून आडवे झालेले. तसंच रेटलं असतं तर पाठ सोलली असती, आणि पाठ सोललेला बैल कित्येक दिवस ओझ्याच्या कामाचा राहत नाही. मामांनी सगळं उतरवून घडी नव्यानं बसवली. मग तो आपणहून पायऱ्या चढला.

माथ्यावर जकातीच्या रांजणापाशी मुलांनी विचारलं, माल वाहणाऱ्या बैलांचे जुने तांडे एवढे सावकाश का चालायचे? इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला 1632 मध्ये आग्रा-पाटणा वाटेवर धान्य लादलेल्या 14,000 बैलांचा बंजारा तांडा भेटला. दिवसाची मजल सहा-सात मैल. ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं दिलेलं एका बैलाचं ओझं किलोत साधारण 150 ते 170 भरतं, म्हणजे आपल्या नियमाच्या अगदी जवळ. तेवढंच धरलं तरी मंडीच्या त्या एका तांड्यात 2,000 टनांहून जास्त धान्य होतं!

सावकाश चालण्याचं कारण बैलाच्या पोटात आहे. त्याला चरायला सहा-आठ तास लागतात, रवंथाला जवळपास तितकेच. तांडे वाटेतल्या गवतावर जनावरं पोसत, म्हणून वैरणीचा खर्च वाचे आणि धान्य-मिठासारखा स्वस्त माल दूरवर नेणं परवडे. मजल वाढवली असती तर चरणं बुडालं असतं आणि चार-आठ दिवसांत बैल बसले असते. माझ्या मते त्या काळच्या व्यापाराचं वेळापत्रक या रवंथानंच बांधलेलं होतं.

मुलांच्या वहीत चढाईची मिनिटं होती, चरण्याचा वेळ कुणीच टिपला नव्हता. गोण्या उतरवून बैल मोकळा सोडला आणि त्यांना तिथंच, घड्याळ लावून, बसवलं.