एकसष्टावा

2022-23च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या वेळी आमच्या जनरल रजिस्टरात 62 नावं होती आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरल पोर्टलवर आधार 'व्हॅलिड' होते 57. बीड जिल्ह्यातली वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी. मी प्रभारी मुख्याध्यापक, म्हणजे पोरंही शिकवायची आणि पोर्टलही सांभाळायचं.

तेव्हाच्या नियमाने पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या पोराला तिसरा. त्याआधी 30 सप्टेंबरचा पट धरायचे. त्या वर्षी मात्र ज्याचं आधार जुळलं तेच पोर मोजणार, असं ठरलं. बाकीची समोर बसून पाढे म्हणत असली तरी मोजणीत नाहीत.

आमचे तिसरे गुरुजी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून 2019 साली आलेले. तीन वर्षं महिना 6,000 रुपयांवर शिक्षण सेवक म्हणून काढली आणि ऑगस्टमध्ये कायम झाले. पुढे चारच महिन्यांनी, 1 जानेवारी 2023पासून, ते मानधन 16,000 झालं. ते हसत म्हणायचे, "सर, मी जरा लवकरच जन्मलो." आता ते अतिरिक्त ठरले असते तर समायोजनात तालुक्याच्या कुठल्या टोकाला गेले असते कोण जाणे. शिवाय पगाराच्या शालार्थ पोर्टलवरून नाव काढा, तिकडे जोडा, अंतिम वेतन प्रमाणपत्र न्या, आणि तोवर पगार लटकलेला.

ही तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर 2011मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून मोजणी झाली होती. नुसत्या कागदावरची पोरं तेव्हा सापडली, हे खोटं नाही. पण आमची पाचही पोरं हाडामांसाची होती.

दिवसा साइट उघडायची नाही म्हणून रात्री अकरानंतर बसायचो. पहिली ऋतुजा. आधारवर तिच्या नावात इंग्रजी 'टी'पुढे एक जादा 'एच'. रजिस्टर मराठीत, त्याला हात लावायचं कारण नव्हतं. सरलवरचं इंग्रजी स्पेलिंग आधारसारखं केलं आणि ती जुळली. मग दोन बहिणी. दोघींचंही मिसमॅच का, हे आठवडाभर कळेना. शेवटी दोघींना कार्डं घेऊन बोलावलं, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, तर मोठीचा नंबर धाकटीला आणि धाकटीचा मोठीला लागलेला. भरला होता मीच. दोन मिनिटांत साठ झाले.

चौथा मुलगा दुबार निघाला. मामाच्या गावी त्याचं नाव आधीच दाखल होतं आणि पोरगंही तिकडेच होतं. केंद्रप्रमुख म्हणाले, "एवढ्यात काढू नका, बघू." मी काढलं. पट 61.

राहिला एकच, तिसरीतला. आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला सांगलीकडच्या कारखान्याला गेलेले, पोरगंही सोबत. आधार काढलं तेव्हा तो पाच वर्षांच्या आतला होता, म्हणून बोटांचे ठसे घेतलेलेच नव्हते. जन्मतारीख अंदाजाने 1 जानेवारी टाकलेली, रजिस्टरात 9 डिसेंबर. दुरुस्तीला जन्मदाखला हवा आणि घरात तो नव्हता. बापाला फोन लावला. तो म्हणाला, "गुरुजी, ह्यो हितंच झालाय, कोपीवर. आशाताईनं नोंद केली व्हती म्हनं." कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी. नशीब म्हणायचं, तो जन्मला त्या साली त्यांची टोळी त्याच पट्ट्यात होती. ग्रामपंचायतीत नोंद सापडली. तारीख तीच, 9 डिसेंबर.

पण दाखला आणायला एक दिवस आणि आधार केंद्रावर दुसरा. म्हणजे दोन खाडे, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांतून कापणार. मी मुकादमाशी बोललो. तो म्हणाला, "मास्तर, तुमची नोकरी ती नोकरी, आन् आमचा काय खेळ हाय का?" त्याचंही चुकत नव्हतं. शेवटी एका खाड्याचे पैसे आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून पाठवले. हे कुठल्याही नमुन्यात भरायची सोय नाही.

दरम्यान पोर्टलची मुदत वाढली, नाहीतर सगळं पाण्यातच गेलं असतं. पोराचे बोटांचे ठसे दोनदा उमटले नाहीत. उसाची पाचट ओढून बोटं खरखरीत झालेली. तिसऱ्यांदा केंद्रवाल्याने ओल्या फडक्याने पुसून घेतली, असं बाप सांगत होता.

फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेअकराला त्याच्या नावापुढे 'व्हॅलिड' आलं. पट 61, व्हॅलिड 61. तिसऱ्या गुरुजींना लगेच फोन केला. ते जागेच होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली. शाळेत 44 पोरं होती. तिसरीच्या हजेरीत त्या मुलाच्या नावापुढे नेहमीसारखा 'गै' लिहिला आणि खिचडीचे तांदूळ चव्वेचाळीस ताटांच्या हिशोबाने मोजायला सांगितले.