फतेहपूर सिक्रीचे खग्रास, इंदूरचे ढग आणि लक्सरचा बेत

खग्रास सूर्यग्रहण पाहायला मुद्दाम प्रवास करायची गरज काय, ग्रहण आपल्या गच्चीवरूनही दिसतेच की, असे मला ग्वाल्हेरमध्ये आजही पुष्कळ जण म्हणतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या आपापल्या गच्चीवरून खरोखर पाहिलेले आहे, म्हणून त्यांचे म्हणणे एका वाक्यात खोडून काढणे मला जमत नाही. त्या सकाळी ग्वाल्हेरमधून सूर्य जवळजवळ सगळा झाकलेला दिसला होता. मात्र खग्रासाचा अरुंद पट्टा राजस्थानातल्या नीम का थाना या गावावरून फतेहपूर सिक्रीच्या बाजूने पुढे अलाहाबादकडे गेला आणि आमचे शहर त्या पट्ट्याच्या दक्षिणेला, अगदी थोडक्या अंतराने, बाहेर राहिले. त्या दिवशी आमच्या घरातली काही माणसे फतेहपूर सिक्रीला गेली होती आणि काही ग्वाल्हेरमध्येच राहिली होती. त्यामुळे ‘जवळजवळ’ आणि ‘पूर्ण’ यांच्यात किती अंतर असते, याचे दोन्ही बाजूंचे साक्षीदार आमच्या एकाच घरात आहेत.

हे अंतर आधी आकड्यांत सांगतो, कारण आकडे ऐकल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही. सूर्याभोवतीचा जो शुभ्र प्रभामंडल फक्त खग्रासातच डोळ्यांना दिसतो, त्याचा प्रकाश सूर्यबिंबाच्या प्रकाशाच्या साधारण दहा लाखांश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढा असतो. सूर्यबिंबाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी तेवढ्या कोरीचा उजेड प्रभामंडलाच्या सुमारे दहा हजार पट भरतो. तो मंडल तिथेच असतो, पण त्या उजेडात दिसणे शक्य नसते. म्हणून नव्व्याण्णव टक्के ग्रहण पाहणाऱ्याने खग्रासातले नव्व्याण्णव टक्के पाहिले, असा हिशेब लागत नाही. खग्रासात जे पाहायचे असते, त्यातले त्याला काहीच दिसलेले नसते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला होते आणि ग्रहण दुसऱ्याच दिवशी सकाळी. ऐन दिवाळीत घर सोडून जायचे, तेही पहाटे चंबळ ओलांडून, ही कल्पना आमच्या वाड्यात कोणालाच आवडली नव्हती. बाबा मात्र त्या वर्षीच्या पावसाळ्यापासूनच तयारीला लागले होते. त्यांनी लोहिया बाजारातून वेल्डिंगची १४ नंबरची काच आणून तिचे तुकडे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवले होते आणि नकाशावर पट्टा आखून तो भिंतीवर लावला होता. एका ठिकाणी खग्रास ग्रहण पुन्हा यायला सरासरी सुमारे ३७५ वर्षे लागतात आणि हे तर दीडशे किलोमीटरवर आले आहे, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत.

खरा पेच दोन माणसांचा होता. काकूंना तेव्हा पाचवा महिना होता आणि आजीच्या मते गरोदर बाईने ग्रहणाची सावलीही अंगावर घेऊ नये. ग्रहणाचा गर्भावर काही परिणाम होतो, याला कोणताही आधार नाही. डोळ्यांची काळजी घेतली तर गरोदर स्त्रीने ग्रहण पाहायला काहीच हरकत नसते. बाबांनी हे आजीला आणि काकूंना शांतपणे समजावून सांगितले. तरीही काकूंनी घरीच थांबायचे ठरवले. सासूबाईंच्या मनात पुढचे चार महिने धाकधूक राहील, ती मला नको, एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या सोबतीला काका थांबले.

दुसरा पेच स्वतः आजीचा होता, आणि तिने सगळ्यांना चकित केले. तिने वेध पाळले, लक्ष्मीपूजन आणि जेवणे वेध लागण्याआधी उरकून घेतली, पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पाने टाकली, आणि मग बाबांना म्हणाली, “अरे, मीही येते. ग्रहण म्हणजे देवावर आलेलं संकट, मग त्या वेळी दारं लावून कशी बसू? तिथे बसून जप करीन.” तिने एकही नियम मोडला नाही आणि ती आमच्याबरोबर आलीही. श्रद्धा आणि कुतूहल यांचे भांडण असते असे मला लहानपणी शिकवले गेले नाही, याचे श्रेय मी तिच्या त्या वाक्याला देतो.

भाड्याची मॅटाडोर पहाटे तीनच्या सुमारास निघाली. फटाक्यांचा धूर अजून गल्लीत रेंगाळत होता. मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर आणि आग्रा असा तो रस्ता; त्या काळी रात्रीच्या वेळी तो सुरू झाला की मोठी माणसे कमी बोलत असत. बाबांनी त्या शांततेत आम्हा मुलांना २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासाची हकिकत सांगितली. त्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून वर देशावर आला होता. विजयदुर्गला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर उतरले होते आणि सोलापूरच्या बाजूच्या जेऊर या लहानशा गावी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आपली यंत्रे घेऊन आले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपला तळ मांडला होता. काही क्षणांसाठी माणसे जहाजाने समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, आपल्याला एक रात्र जागायला काय हरकत आहे, असे बाबा म्हणाले, आणि मला ते तेव्हाही पटले होते.

फतेहपूर सिक्रीला उजाडता उजाडता पोहोचलो. आकाश स्वच्छ होते. ऑक्टोबर महिना निवडून मागितला असता तरी इतकी चांगली सकाळ मिळाली नसती. परदेशी पाहुणे आपापल्या दुर्बिणी लावून बसले होते, आणि गावातले बरेच लोक दारे बंद करून घरात होते. साडेसातच्या आसपास सूर्याच्या कडेला पहिली खाच दिसली. पुढचा तासभर काचेतून पाहायचे आणि एकमेकांना सांगायचे, एवढेच चालले होते. आईने फराळाच्या डब्यांबरोबर झारा बांधून आणला होता. तो उन्हात धरल्यावर त्याच्या प्रत्येक छिद्रातून जमिनीवर एकेक चंद्रकोर पडली. कडुनिंबाच्या झाडाखालीही पानांच्या फटींतून पडलेले सगळे कवडसे कोरींचे झाले होते. आजी जप करता करता त्या कोरींकडे पाहत होती. तिला वर पाहायचा आग्रह कोणी केला नाही.

साडेआठ वाजत आले तेव्हा ऊन होते, पण त्यातली ऊब निघून गेली होती. सावल्यांच्या कडा इतक्या रेखीव झाल्या होत्या की हाताच्या सावलीत एकेक केस वेगळा दिसत होता. पश्चिमेकडचे क्षितिज काळवंडत चालले होते. ती चंद्राची सावली होती आणि ताशी काही हजार किलोमीटरच्या वेगाने आमच्याकडे येत होती. मग सूर्याची शेवटची कोर आकसून एका बिंदूवर आली, काळ्या चंद्रबिंबाभोवती कडे उमटले, क्षणभर हिऱ्याची अंगठी दिसली आणि विझली. बाबा ओरडले, “काचा काढा!”

त्यानंतरचे पाहिलेले मला वर्णन करून सांगावेसे वाटते, आणि प्रत्येक वेळी ते अपुरेच वाटते. आकाशात सूर्याच्या जागी एक पूर्ण काळे वर्तुळ होते. आकाशात इतका काळा रंग मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याच्याभोवती मोतिया प्रकाश पसरला होता, आणि तो सगळीकडे सारखा नव्हता. सूर्यावरच्या डागांचे चक्र तेव्हा किमान अवस्थेजवळ होते. अशा काळात प्रभामंडल दोन बाजूंना लांब ओढल्यासारखा दिसतो आणि ध्रुवांपाशी त्याचे आखूड, बारीक झुपके दिसतात. आम्हाला तो तसाच दिसला, दोन पंख पसरल्यासारखा. खाली क्षितिजाच्या बाजूला शुक्र लखलखत होता. चारही दिशांना क्षितिजावर तांबूस उजेड होता, कारण आमच्यावर सावली होती आणि तिच्या पलीकडे सगळीकडे दिवस होता. पक्षी गप्प झाले होते, आणि माणसांमधून मात्र एक मोठा आवाज उठला होता, ज्यात आमचाही आवाज होता.

आजीने जप थांबवून वर पाहिले. तिने हात जोडले आणि ती रडत होती. मी आजीला त्याआधी आजोबा गेले तेव्हाच रडताना पाहिले होते. एक मिनिटही झाले नसेल, तोच काळ्या वर्तुळाच्या कडेला पुन्हा हिरा चमकला आणि दिवस परतला. ग्रहणाचा मोक्ष होईपर्यंत, म्हणजे ते पूर्ण सुटेपर्यंत, आजी तशीच बसून राहिली. मग तिने घरून आणलेल्या पाण्याने स्नान केले, आणि त्यानंतरच फराळाचे डबे उघडले गेले.

संध्याकाळी ग्वाल्हेरला पोहोचल्यावर काकांनी आपला अनुभव सांगितला. उजेड आंधी येण्यापूर्वी पडतो तसा पिवळट पडला, हवा थोडी गार झाली, कावळे ओरडले आणि मग हळूहळू पुन्हा ऊन आले. काचेतून बारीकशी कोर शेवटपर्यंत दिसत राहिली. त्यांचे प्रत्येक वाक्य खरे होते. “तुम्ही वेगळं काय पाहिलं?” असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही सगळे एकदम बोलू लागलो आणि कोणालाच नीट सांगता आले नाही. आजी एवढेच म्हणाली, “तू यायला हवं होतंस रे.” काका त्यानंतर वर्षानुवर्षे त्या वाक्याची आठवण काढत राहिले.

पुढच्या मार्चमध्ये काकूंना मुलगी झाली. ती आमच्या घरातली ग्रहणाची सर्वांत मोठी अभ्यासक निघाली, आणि तिने अजून खग्रास पाहिलेले नाही. २२ जुलै २००९ चे खग्रास सुरत, बडोदा, इंदूर, भोपाळ, वाराणसी या मार्गाने जाणार होते. इंदूरला आत्याचे घर पट्ट्यात येत होते, म्हणून सगळे कुटुंब तिच्याकडे जमले. सकाळी सव्वासहानंतर सूर्य नुकताच वर आलेला असताना खग्रास होणार होते, आणि ते तीन मिनिटांच्या आसपास टिकणार होते. मात्र जुलै म्हणजे माळव्यातला ऐन पावसाळा. आम्ही गच्चीवर छत्र्या घेऊन उभे राहिलो. ढगांमागे काय चालले आहे ते दिसले नाही, फक्त ठरलेल्या वेळी काही सेकंदांत सकाळची रात्र झाली, रस्त्यावरचे दिवे उठून दिसू लागले, आणि तीन मिनिटांनी कोणी पडदा ओढल्यासारखी पुन्हा सकाळ झाली. तो अंधारही विलक्षण होता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तेरा वर्षांची ती पोर सबंध तीन मिनिटे ढगांकडे पाहत उभी होती, आणि तिला काय सांगावे हे आमच्यापैकी कोणालाही सुचत नव्हते.

त्याच दिवशी दुपारी तिने वहीत एक तारीख लिहून ठेवली. ग्रहणे १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या जवळजवळ त्याच मांडणीसह, पुन्हा येतात; या चक्राला सॅरोस म्हणतात. त्या आठ तासांत पृथ्वी आणखी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून नवा पट्टा पश्चिमेकडे सरकलेला असतो. इंदूरला ढगांनी झाकलेले ग्रहण त्या हिशेबाने २ ऑगस्ट २०२७ रोजी परत येते. तेव्हा त्याचा पट्टा दक्षिण स्पेन आणि उत्तर आफ्रिकेवरून इजिप्तकडे जातो, आणि लक्सरजवळ खग्रास तब्बल ६ मिनिटे २३ सेकंद टिकते. एवढा वेळ टिकणारे खग्रास त्यानंतर २११४ सालापर्यंत नाही. भारतात खग्रास २० मार्च २०३४ ला येईल, पण ते काश्मीर-लडाखच्या डोंगराळ भागातून, सूर्य कलल्यावर.

म्हणून आम्ही लक्सर ठरवले आहे. ऑगस्टमधला तिथला उन्हाळा भयंकर असतो आणि घरातल्या मोठ्यांची वये पाहता ती काळजी खरी आहे. परंतु ज्या कोरड्या हवेमुळे तो उन्हाळा सोसवत नाही, तिच्यामुळेच आकाश निरभ्र राहण्याची शक्यता मोठी असते, आणि इंदूरनंतर आम्हाला त्याचे मोल कळले आहे. आजी आणि बाबा आता नाहीत. काका येणार आहेत. काकूंना कोणी विचारण्याआधीच त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरला. ग्रहण दुपारी एकच्या सुमारास असून सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, तेव्हा सहा मिनिटे मान वर करून उभे राहता येणार नाही, आडवे पडूनच पाहावे लागेल, असे मुलीने समजावून सांगितले, तेव्हा काकू म्हणाल्या, “मग मोठी सतरंजी इथूनच घेऊ. सगळे एका ओळीत मावले पाहिजेत.”