तीन राजे अजून यायचेत

दसरा होऊन दोन महिने होत आले होते आणि आई परत एकदा काळी माती चाळत बसली होती. पुढ्यात पत्रावळ, शेजारी वाटीत नाचणी. मी चपला काढता काढता विचारलं, "आता कसला घट?"

"आंटीचा," आई म्हणाली. "तुझं लक्ष कुठं असतंय? सगळ्या गल्लीला ठाऊक हाय."

गल्लीला ठाऊक होतं ते असं. नाताळात बाळ येशूच्या जन्माचा जो गोठा मांडतात, त्यात जमिनीवर हिरवळ लागते. गोव्याकडच्या आणि खानापूरकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत त्यासाठी आधीच नाचणी नाहीतर गहू पेरून ठेवतात. आंटींचं माहेर खानापूर तालुक्यातलं. त्यांची आई ८ डिसेंबरच्या सणाला पेरायची. लग्न होऊन आंटी बेळगावात कॅम्पाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, कडेला आमच्या गल्लीत आल्या आणि नाचणीच्या जागी हिरव्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा आला. पुढे प्लॅस्टिकची हिरवळ आली, चटईसारखी गुंडाळून माळ्यावर टाकता येणारी. यंदा त्यांना परत नाचणी पेरावीशी वाटली, पण हात मोडलेला. मग त्यांनी गल्लीतलं या कामातलं सगळ्यात जाणतं माणूस गाठलं. आमच्या घटाचं धान दसऱ्याला वीतभर उंच असतं आणि टोपीत खोवायला चार घरची माणसं मागून नेतात, हे आईच्या अभिमानाचं एकमेव उघड कारण. बाकीची ती मनात ठेवते.

मुळात हे सगळं उंदरांनी केलं. आंटी-अंकलच्या पडवीत दरवर्षी जो गोठा असायचा तो खरं तर गोठा नव्हताच. ती थर्माकोलची गुहा होती, वरून राखाडी रंग मारलेली. नोव्हेंबरात अंकलनी ती माळ्यावरून खाली घेतली तर निम्मी कुरतडलेली, आणि पांढऱ्या मण्यांचा घरभर असा पाऊस की दोन दिवस केरसुणीला चिकटत होते. नवी आणायची तर थर्माकोलच्या सजावटीवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी. बंदी आहे म्हणून वस्तू मिळत नाही असं आपल्याकडं कधी झालंय? पण अंकल पडले निवृत्त सरकारी नोकर. दुकानाच्या मागच्या दारानं काही आणायचं म्हटलं तर त्यांना झोप लागत नाही.

तेव्हा कट्ट्यावर बसणाऱ्या आम्हा चौघांनी ठरवलं की घरात आहे त्यातच गोठा उभा करायचा. ह्याला 'रिसायकल' म्हणतात हे कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीनं सांगितलं. तोवर आम्ही त्याला 'माळ्यावरचं' म्हणत होतो.

माळे उघडले. गणपतीच्या मखराच्या कामट्या निघाल्या, दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा निघाला. त्याचे सांधे सोडवून कामट्यांची पाच टोकांची चांदणी करायला अर्धा तास लागला आणि तिला पतंगी कागद चिकटवायला, खळ पातळ झाल्यामुळे, दोन संध्याकाळी. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे निघाले. मेंढपाळ हवेच होते. तलवारी बहुतेकांच्या आधीच मोडलेल्या, हातात काडी दिली की झाला धनगर. यावर किल्लेवाल्या पोरांची एक सभा भरली. मावळे जातील, पण महाराज आणि तोफा किल्ल्याच्या खोक्यातच राहतील, असा तह झाला. एक मावळा मात्र शेवटपर्यंत मशाल सोडेना. फेविक्विकनं चिकटवलेली होती. तो तसाच उभा केला. रात्रीची वेळ, मशाल लागतेच.

बैलाचं काम कानडी काकूंनी केलं. ज्येष्ठातल्या अमावस्येला, त्यांच्या मण्णेत्तिन अमावस्येला, मातीच्या बैलजोडीची पूजा असते. त्यातली एक जोडी कपाटावर राहून गेली होती. एकाचं शिंग मोडलेलं. आता अडचण अशी की गोठ्यात एक बैल आणि एक गाढव लागतं, दोन बैल नव्हे. शिंग मोडलेल्याला लांब कान लावून गाढव करावं, असा एक ठराव आला. काकूंचा चेहरा उतरला. पूजलेला बैल तो. तेव्हा अंकल आत गेले, चष्मा लावून बायबल घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "लूकच्या शुभवर्तमानात फक्त गव्हाण आहे. बैलही नाही नि गाढवही नाही. ती दोघं यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरनं नंतर आत शिरली. म्हणजे शास्त्राला दोन्ही सारखीच. असू देत दोन बैल." निवृत्त नोकरांची टिपणी लिहायची सवय जात नाही ती अशी.

भिंतींसाठी आंटींच्या माहेरची कारवी आली. त्यांच्या भाच्यानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलंय, तिथली कुड मोडली होती. चाळीसेक वर्षं लिंपणाच्या आत राहिलेल्या काड्या, एकालाही कीड नाही. पण कुड म्हणजे शेणमाती आली, आणि शेणमाती लिंपायची कुणी? गल्लीत सगळ्यांच्या फरश्या चकचकीत. आईला येत होतं, पण तिचे गुडघे. शेवटी आम्हाला दूध घालणाऱ्या गवळीमामांच्या घरच्या मामी आल्या, पदर खोचला आणि आमची चहाची भांडी विसळून होईतो तीन भिंती लिंपून मोकळ्या. त्या रात्री गल्लीत असा वास होता की मला आजोळ आठवलं, आणि समोरच्या बंगल्यातल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

मामींना न्यायला गवळीमामा आले ते गोठ्यासमोर थांबलेच. सायकल स्टँडला लावली. अंकलच्या पेटीत एक लाकडी गव्हाण होती, चित्रात असते तशी, फुलीसारख्या पायांवर उभी. मामांनी ती उचलून बघितली.

"हे काय हो?"

"गव्हाण."

"ही? ही तर मोडकी खाट. गव्हाण भिंतीला धरून असती. जनावर हिकडं, वैरण तिकडं. ही मधी ठेवलासा तर बैल एका दणक्यात आडवी करंल." आणि मग, आम्ही कुणी न विचारता, त्यांनी उकिडवं बसून बांबूच्या मेसकाठीच्या पातळ पट्ट्या काढायला घेतल्या. मागच्या भिंतीला धरून गव्हाण बांधली. मग मरियेची मूर्ती उचलून आतल्या कोपऱ्यात सरकवली. "बाळंतीण दाराच्या तोंडाला बसवत्यात व्हय? वारं लागतंय. हितं बसवा, जनावराची ऊब लागती."

मी इतकी वर्षं हे देखावे बघतोय. कॅम्पात फातिमा कॅथेड्रलचा बघितलाय, गोव्यात बघितलेत. गोठ्यात मूल जन्मणं म्हणजे केवढं दैन्य, अशा चेहऱ्यानंच आम्ही सगळे त्यांच्यापुढं उभे राहतो. मामांना त्यात दैन्य दिसलंच नाही. त्यांना वाऱ्याची दिशा दिसली. आई म्हणाली, "आमच्या घरी दारातनं आत आलं की पैला गोठाच. पलीकडच्या खोलीत माझा जन्म. थंडीत माझी आई म्हणायची, भिंतीतनं म्हशीची ऊब येती." हे तिनं मला पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं.

छपराला पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पाहिजे होतं, आणि लांब पाहिजे होतं. पूर्वी हे काही आणायचं काम नव्हतं. आता भाताचं कापणी-मळणी यंत्र शिवारात फिरतं आणि मागं बारीक चुरा सोडतं. ते जनावरानं खावं, छपरावर घालता येत नाही. येळ्ळूरच्या एका मित्राकडं हातानं कापलेल्या बासमतीच्या शेताचं पिंजर होतं. राजहंसगडाच्या पायथ्यापासून ते दोन भारे मी स्कूटरवर बांधून आणले. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईला शिंका सुटल्या. घरी पोचेतो मान, हात, कानामागं नुसती खाज. पण गोठ्यावर ते पसरल्यावर शेणाच्या वासावर बासमतीचा वास चढला. थोडाच, पण चढला.

अंकल तेव्हा मामांना सांगत होते की हा गोठा मांडायची चाल इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसनं १२२३ साली घातली. खरा बैल, खरं गाढव, खरी गव्हाण आणि वाळकं गवत. आणि ते गवत पुढं लोकांनी जपून ठेवलं, आजारी जनावरांना चारलं की ती बरी होत, असं त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय.

मामा म्हणाले, "चांगली वैरण आसंल."

देशी झाडाचा घोळ मी थोडक्यात सांगतो. नाताळचं झाड म्हणून सुरूची फांदी आणली. कॉलेजची पोर म्हणाली, सुरू ऑस्ट्रेलियातला. सिल्व्हर ओक? तोही तिकडचाच. माळावरचं अ‍ॅकेशिया? तेही. मग झाडच रद्द केलं.

फलकाचा घोळ थोडक्यात सांगता येण्यासारखा नाही, पण सांगतो. 'नाताळच्या शुभेच्छा' कुठल्या भाषेत लिहायच्या? आंटींची कोंकणी, आमची मराठी, काकूंची कानडी, आणि कॅम्प म्हटल्यावर इंग्रजी. वर कोणती, खाली कोणती, अक्षरं केवढी? २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा आहे, तो पडवीतल्या गोठ्याला लागू होतो का, इथपर्यंत गाडी गेली. गाव बेळगाव लिहायचं की २०१४ नंतरचं बेळगावी, हा प्रश्न कुणीतरी हळूच काढला आणि एक क्षण सगळे गप्प झाले. मग आंटी आतून म्हणाल्या, "चांदणी आहे ना? पुरे की." फलकाचा पुठ्ठा गव्हाणीखाली घातला.

इकडे नाचणी रुसली होती. घटाचं धान नऊ दिवसांत येतं, पण ते ऑक्टोबरात. डिसेंबरच्या थंडीत नवव्या दिवशी ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी. आई रात्री पत्रावळीवर दुरडी पालथी घालून शेजारी बल्ब लावून ठेवायला लागली. वाढली, पण घटासारखीच फिकट पिवळी. देवघराच्या अंधारात वाढलेलं धान पिवळं असतं आणि तसंच असावं अशी आईची ठाम समजूत. आंटींना हवी हिरवी. "उन्हात ठेवा वैनी," त्या म्हणाल्या. आईला ते जड गेलं. घट कुणी उन्हात ठेवतं? तीन दिवस सकाळी ती पत्रावळ गच्चीवर नेऊन स्वतः शेजारी बसून राहिली, चिमण्या हाकत. चौविसाव्या तारखेला नाचणी हिरवीगार होती, आणि त्या संध्याकाळी गोठा बघायला आलेल्या प्रत्येकाला आईनं आधी गवत दाखवलं, मग बाळ. काकू कितीतरी वेळ आपल्या बैलांकडं बघत होत्या. "छलो आगेद," छान झालंय, म्हणाल्या. कुलकुल आणि नेवऱ्यांचं ताट आमच्याकडं आलं, कुंदा तिकडं गेला.

भांडण झालं ते तीस तारखेला. कॅम्पात एकतीस डिसेंबरच्या रात्री 'ओल्ड मॅन' जाळतात. सरत्या वर्षाचा म्हातारा, बांबूच्या सांगाड्यावर जुने कपडे चढवून आत गवत, कागद, पोती भरलेला. आमच्या गल्लीचा म्हातारा अर्धवट झाला होता आणि पोरांची नजर छपरावरच्या पिंजरावर गेली. नाताळ तर झाला, आता त्याचं काय काम?

आंटी दारात उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही. तीन राजे अजून यायचेत."

राजे येतात ६ जानेवारीला. ते पेटीतच होते, अजून बाहेरसुद्धा काढले नव्हते. पाहुणे वाटेत असताना घराचं छप्पर काढतात का, हा प्रश्न बिनतोड होता. मग म्हाताऱ्याच्या पोटात माझ्या कपाटातले पंधरा वर्षांचे टेलिफोन बिलांचे गठ्ठे गेले आणि अंगावर माझी तपकिरी पँट चढली, जी मी वजन कमी झाल्यावर घालणार होतो. बाराला ती पेटली तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा टाळ्या आमच्या घरातून आल्या.

सात तारखेला गवळीमामा ठरल्याप्रमाणे पिंजर न्यायला आले. आधी नाचणी म्हशीला दिली. इतक्या दिवसांची मशागत दोन घासांत संपली, आईनं तिकडं बघितलं नाही. मग मामांनी पिंजराची एक मूठ उचलली, उन्हात धरली आणि परत खाली ठेवली.

"हे काय घातलासा हेच्यात?"

चमकी. रुपेरी, प्लॅस्टिकची. चोवीस तारखेला रात्री कुणीतरी पोरानं छपरावर दव पडल्यासारखं दिसावं म्हणून पाकीटभर उधळली होती आणि आम्ही सगळ्यांनी, मीही, 'काय छान चमकतंय' म्हटलं होतं.

"जनावराच्या पोटात जातंय हे," मामा म्हणाले आणि रिकामी सायकल घेऊन गेले.

पिंजर आंटींच्या गुलाबांच्या बुडाशी गेलं. आता जूनचा पाऊस लागलाय, पिंजर कुजून काळं झालंय आणि प्रत्येक सरीनंतर गुलाबाखाली चिखल चमकतो. काल कानडी काकू बाजारातून अमावस्येची नवी बैलजोडी घेऊन रिक्षातून उतरल्या. म्हणाल्या, कुंभाराला गाढव आहे का विचारलं.

"मग?"

"करून देतो म्हणाला. पण पूजेला चालणार नाही हं, म्हणाला."