सारंगखेड्याला तमाशा बघायला जायचं असेल तर

दत्तजयंती उलटून चौथा दिवस. दोंडाईचा स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन कललं होतं आणि हवेत मिरच्यांचा ठसका होता. सोबत भाचा. जळगावला कॉलेजात आहे, एकांकिका लिहितो, बसवतो. यंदा एका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच त्याची एकांकिका बाद झाली. का झाली ते कुणी सांगितलं नाही. पोरानं दोन महिने वही उघडली नव्हती. बहीण म्हणाली, "दादा, तूच काढ बाबा त्याला यातून." म्हणून त्याला घेऊन निघालो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा म्हटलं की लोकांना घोडे आठवतात. एकमुखी दत्ताचं देऊळ, तापीचा काठ आणि मारवाडी, काठेवाडी, नुकरा घोड्यांचा बाजार. ते सगळं बघाच. पण मला भाच्याला दाखवायच्या होत्या त्या कनाती. यात्रेत तमाशाचे फड उतरतात, आपापली कनात ठोकतात, तिकीट लावतात, आणि ज्याच्याकडे माणूस वळेल त्याची रात्र साजरी होते. या फडांना कुणी परीक्षक पास करत नाही, प्राथमिक फेरी नसते.

हे मला नव्यानं दिसलं ते स्कॉटलंडमधल्या एडिंबराला. गेल्या ऑगस्टात लेकीकडे ग्लासगोला गेलो होतो, तिथून तीन दिवस एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात काढले. त्याची जन्मकथा मी भाच्याला सारंगखेड्याच्या एसटीत सांगितली. १९४७ साली तिथे मोठा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव सुरू झाला. त्यात आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना आल्या. मुख्य थिएटरं मिळाली नाहीत, मग मिळेल तिथे प्रयोग केले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प नावाच्या नाटककार-पत्रकारानं लिहिताना त्यांच्यासाठी 'फ्रिंज', म्हणजे कडेची झालर, हा शब्द वापरला आणि तेच नाव पडलं. आज ऑगस्टात तीन-साडेतीन आठवडे चालणाऱ्या या महोत्सवात तीन हजारांच्या वर वेगवेगळे कार्यक्रम होतात. आणि अजूनही निवड समिती नाही. जागा शोधा, नोंदणीचे पैसे भरा, प्रयोग लावा.

भाच्यानं विचारलं, "मामा, मग फालतू नाटकं पण होत असतील ना?" होतात. भरपूर होतात. मी दोन बघितली. पण १९६६ साली टॉम स्टॉपर्ड नावाच्या तरुणाचं नाटक विद्यार्थ्यांनी तिथेच पहिल्यांदा केलं आणि वर्षभरात ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये गेलं. चाळणी लावली असती तर ते खाली राहिलं असतं की वर, कोण सांगणार?

सारंगखेड्यात पोचेपर्यंत दिवे लागले होते. इथे एक सांगून ठेवतो. मुक्काम यात्रेत शोधत बसू नका, शहाद्याला किंवा दोंडाईच्याला खोली आधीच ठरवा. दत्तजयंतीचा दिवस आणि लगतचा रविवार टाळा, दर्शनाच्या रांगेतच दिवस जातो. मधला वार बरा. यात्रेच्या जादा एसटी असतात, पण रात्री उशिरा परतायचं तर गाडीवाला आधीच बोलून ठेवावा. आम्ही ठेवला नव्हता, पहाटेपर्यंत कुडकुडलो. तापीकाठची डिसेंबरातली थंडी साधी नाही. कानटोपी, शाल आणि खाली अंथरायला जाड सतरंजी घ्याच. मोबाईलवर विसंबू नका, सुट्टे पैसे जवळ ठेवा. आणि जेवून मगच कनातीत शिरा. शेवभाजी-भाकरीच्या पालांवर आठनंतर गर्दी होते.

कनाती बाहेरून सारख्याच दिसतात. कर्ण्यावरून सगळेच आपली मंडळी महाराष्ट्रात गाजलेली असल्याचं सांगतात. माझा ठोकताळा असा: ढोलकी ऐका. दारात दहा मिनिटं उभं राहा, ढोलकी तयारीची असेल तर आत जा. आणि गण म्हणजे सुरुवातीचं गणेशवंदन आणि गवळण म्हणजे कृष्ण-गवळणींचा खेळ, एवढं झाल्यावर उठू नका. हिंदी गाण्यांवरचा नाच संपला की अर्धं पब्लिक निघतं, पण खरा खानदेशी तमाशा पुढे बतावणीत, म्हणजे विनोदी संवादात, आणि वगात, म्हणजे शेवटच्या नाट्यात आहे. अहिराणी बोलीतला सोंगाड्या ऐकायचा तर थांबावंच लागतं. पूर्वी वग उजाडेपर्यंत चाले. आता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, वर्षातले ठरावीक दिवस तेवढी बारापर्यंत सूट मिळते, त्यामुळे फडाला वग आवरता घ्यावा लागतो. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून उशिरा जाऊ नका.

त्या रात्रीचं एकच सांगतो. सोंगाड्या राजाला कर्जाचा हिशोब समजावत होता. तेवढ्यात पलीकडे बाजारातला एक घोडा जोरात खिंकाळला. सोंगाड्या थांबला, आवाजाच्या दिशेला हात जोडले, राजाकडे वळला आणि म्हणाला, "महाराज, सावकार उना!" म्हणजे सावकार आला. कनात फुटेल असा हशा. पुढची पंधरा मिनिटं घोडा जेव्हा जेव्हा खिंकाळे, तेव्हा राजा सिंहासनामागे लपायचा. हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं. भाचा माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून बघत होता, सतरंजी त्याच्या खालून केव्हाच सरकली होती.

संपल्यावर मागे गेलो. बांबूला लटकवलेला हातभर आरसा, पत्र्याची पेटी, खोबरेल तेलानं रंग पुसणारा साठीचा माणूस. आधी आम्हालाच विचारलं, "कोठला शेतस तुम्ही?" भाच्यानं भीतभीत विचारलं, लोक मधेच उठून जातात तेव्हा काय वाटतं? ते म्हणाले, "समोरना मानूस उठी ग्या का मी समजी जास, आते जोर लावना पडी." समोरचा उठला की समजायचं, आता जोर लावावा लागणार. आणि पुन्हा गाल पुसायला लागले.

एडिंबराची एक मुलगी आठवली. पबच्या तळघरातली खोली, पन्नासेक खुर्च्या, आम्ही सहा प्रेक्षक. तिनं तासभर एकटीनं आपल्या आजीची गोष्ट सांगितली, सहाही जणांच्या डोळ्यात बघून. शेवटचा दिवा गेला तशी ती धावत दाराशी आली आणि बादली घेऊन उभी राहिली. तिकीट नव्हतं, जाताना वाटेल ते टाका. मग दहा मिनिटांत पडदा, स्टूल, आजीचा कोट सगळं एका बॅगेत कोंबलं, कारण पुढची मंडळी जिन्यात ताटकळत होती. सकाळी हीच मुलगी रॉयल माइल नावाच्या रस्त्यावर पावसात पत्रकं वाटत होती. कर्ण्याचंच काम, फक्त हातानं.

कलावंताला यात काय मिळतं? पैसे तर बहुतेकांना मिळत नाहीत, हे मी लपवणार नाही. ऑगस्टात एडिंबराला घरभाडं इतकं चढतं की छोट्या मंडळ्या पदरमोड करून परततात. फडमालकही दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा हंगाम कर्ज काढूनच उभा करतात. मिळतो तो रोजचा प्रयोग. आपल्याकडे स्पर्धेची एकांकिका महिनाभर बसवतात, एकदा करतात आणि सेट भंगारात जातो. एडिंबराला तीच गोष्ट वीस-बावीस दिवस वेगवेगळ्या माणसांसमोर करायची, रोज काहीतरी कापायचं, काहीतरी सापडायचं. आणि प्रेक्षकाला मिळतं ते आपण स्वतः शोधल्याचं सुख. शिफारस नाही, बक्षीस नाही, कनातीत शिरलो आणि सोनं लागलं.

मराठी माणसाला हे परकं नाही. १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं मुंबईत दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये हेच केलं. शाळेच्या हॉलात कमी पैशात जे झालं, ते आजही आपण सांगतो.

कुणाला एडिंबराला जायचंच असेल तर थोडं त्याचंही. नुसतं बघायला जाणाऱ्यानं ग्लासगोला राहावं, रेल्वेनं पाऊण-एक तास लागतो, फक्त शेवटच्या गाडीची वेळ पाठ ठेवावी. माउंड भागात अर्ध्या किमतीत तिकिटं देणारी टपरी असते, तिथून सुरुवात करा. दिवसाला तीनच प्रयोग ठरवा, चौथा रस्त्यावर जो पत्रक देईल त्याचा. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट न्या. प्रयोग करायला जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: हा महोत्सव ब्रिटनच्या परवाना न लागणाऱ्या महोत्सवांच्या यादीत आहे, त्यामुळे कलावंताला साध्या व्हिजिटर व्हिसावर प्रयोग करता येतो. जाण्याआधी सरकारी संकेतस्थळावरची चालू यादी मात्र तपासा. पैसे जपायचे असतील तर कॅनडातला एडमंटनचा फ्रिंज महोत्सव बघा, तो १९८२ पासून आहे. तिथे मंडळ्या सोडतीनं ठरतात आणि तिकिटाचे मूळ पैसे कलावंताला मिळतात. चिठ्ठीत नाव निघालं नाही तर कुणाचा राग येत नाही, हे मला फार आवडलं. आणि इथेच तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तो कागद वेळेत करून घ्या.

पहाटे दोंडाईच्याच्या पहिल्या गाडीची वाट बघत चहाच्या पालात बसलो होतो. पलीकडे फडाच्या ट्रकमध्ये सामानावर माणसं झोपली होती, टपावर ढोलकी गोधडीत गुंडाळलेली. भाच्यानं पेन मागितलं. वही नव्हती, म्हणून तिकिटाच्या पाठीवर लिहायला लागला. विचारलं, काय रे? म्हणाला, "मामा, आपल्या अमळनेरच्या यात्रेत नदीच्या वाळूत रात्रीची जागा मिळायला कुणाला भेटावं लागतं?"

मी माहिती काढतोय. वैशाखाला अजून वेळ आहे.