जप्तीच्या गोदामातील हरतालिका

नगरपरिषदेच्या अतिक्रमणविरोधी पथकाबरोबर मी सहसा रस्त्यावर जात नाही. पथक जे उचलून आणते ते ज्या गोदामात जमा होते, त्या गोदामाचा आणि तिथल्या नोंदवहीचा कार्यभार माझ्याकडे आहे. फेरीवाल्यांच्या प्रश्नावर वर्तमानपत्रांत आणि सभागृहांत जी चर्चा चालते, ती माझ्यापर्यंत वजनकाटे, ताडपत्र्या, हातगाडीची चाके आणि प्लास्टिकची टोपली एवढ्या स्वरूपातच पोहोचते. वही चाळताना मात्र एक गोष्ट नजरेत भरते. दुकानासमोर पुढे ओढलेली पत्र्याची पडवी, गटारावर कायमची टाकलेली लादी, रस्त्याला खेटून उभ्या केलेल्या चारचाकी, यांतले काहीही तिच्यात कधी नोंदले गेलेले नाही, कारण ते टेम्पोत घालता येत नाही. रस्ता अडवणाऱ्या वस्तूंपैकी दोन माणसांना उचलता येईल तेवढीच वस्तू वहीत येते.

2024 साली हरतालिका 6 सप्टेंबरला, शुक्रवारी होती आणि दुसऱ्या दिवशी चतुर्थी. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या आमच्या शहरात चवथीच्या आधीचे दोन दिवस बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, त्यांच्या गाड्या मिळेल तिथे लावलेल्या असतात, आणि आसपासच्या वाड्यांतून बायका माटवीचे सामान घेऊन पहाटेच्या एसटीने उतरतात. माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळे, कवंडळे, हरणाची फुले, तेरडा, कांगले, सुपारीचे शिपटे, नारळ, तवसे असे रानातले आणि परसातले बांधतात. हे सामान आदल्या दोन दिवसांत विकले गेले तर विकले गेले, कारण चतुर्थीच्या सकाळी नऊनंतर त्याला कोणी विचारत नाही.

आदल्या वर्षी याच गर्दीत एक रुग्णवाहिका बराच वेळ अडकली होती, त्यामुळे एसटी स्थानकापासून बाजारापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवा, असा आदेश वरून निघाला होता आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. अकराच्या सुमारास टेम्पो गोदामाच्या दारात आला. हौद्यात सात-आठ बायकांचे सामान एकावर एक रचलेले होते. तळाची कवंडळे फुटून त्यांचा गर फळ्यांना लागला होता, आणि वरून पाऊस पडत असल्यामुळे सगळ्याचा एकच ओला ढीग झाला होता. मुकादमाने मला सांगितले, "एकच नोंद घाला, किरकोळ फळे-फुले, एक टेम्पो, विक्रेते अनोळखी."

मी त्याला तशी नोंद होणार नाही असे सांगितले. पथविक्रेता अधिनियम 2014 च्या कलम 19 प्रमाणे माल जप्त केला तर त्याची यादी करावी लागते आणि जप्त करणाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. विक्रेत्याने मागणी केल्यावर न टिकणारा माल त्याच दिवशी आणि टिकणारा माल कामाच्या दोन दिवसांत परत करायचा असतो. हातगाडीच्या बाबतीत दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर हातगाडी हातगाडीच राहते, परंतु तेरड्याच्या जुडीला दुसरा दिवस नसतो, आणि त्या दिवशी तर तिला संध्याकाळसुद्धा नव्हती.

आमचे पथकप्रमुख ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेतून इकडे आलेले, कायदा वाचलेले गृहस्थ आहेत. ते शांतपणे म्हणाले, "कलम 19 विक्री प्रमाणपत्रधारकांसाठी आहे. यांच्यापैकी एकीकडे तरी प्रमाणपत्र आहे का?" मी कलम 3 पुढे केले: विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही पथविक्रेत्याला हटवता येत नाही. त्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो खरोखरच अवघड होता. सर्वेक्षण पाच वर्षांतून किमान एकदा करायचे असते. ज्या बायका वर्षातून दोनच दिवस शहरात बसतात त्या सर्वेक्षणात सापडणार कशा, आणि सापडल्या नाहीत तर त्यांना कायमचे संरक्षण आहे असे समजायचे की मुळीच नाही असे समजायचे?

या माणसाच्या बोलण्याला अनुभवाची धार आहे, हे इथे नमूद केले पाहिजे. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. पूल अरुंद होता आणि पाऊस कोसळत होता, तरी त्यानंतर रोष प्रामुख्याने स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांवर निघाला, आणि नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून 150 मीटर आणि शाळा व देवस्थानांपासून 100 मीटरच्या आत विक्री करता येणार नाही असे ठरवले. ते अंतर फितीने मोजून रस्त्यावर पट्टे मारण्याचे काम आमच्या पथकप्रमुखांनी केलेले आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये ठाण्यात कारवाईच्या वेळी एका फेरीवाल्याने महिला साहाय्यक आयुक्तांवर चाकूने हल्ला करून त्यांची बोटे तोडली, तेव्हा ते शेजारच्याच शहरात पथकावर होते. टोपली उचलताना विक्रेत्याच्या हाताकडे आधी बघायचे, ही सवय त्यांना तेव्हापासून लागली आहे, असे ते सांगतात. अशा माणसाला निव्वळ निष्ठुर ठरवून मोकळे होणे मला जमत नाही.

पण त्याच मुंबईचे आकडे उलट बाजूनेही बोलतात. कायद्याप्रमाणे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना विक्रीक्षेत्रात सामावून घ्यायचे असते. 2011 च्या जनगणनेतली मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख धरली तरी ही संख्या तीन लाखांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात नगर पथविक्रेता समितीवरील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला कायद्यानंतर दहा वर्षे लागली आणि 2024 च्या ऑगस्टअखेरीस ती झाली तेव्हा मतदारयादीत सुमारे 32 हजार नावे होती. म्हणजे उरलेले सगळे आमच्या माटवीवाल्या बायकांसारखेच, वहीत "अनोळखी" म्हणून लिहिता येण्याजोगे. आमच्या हरतालिकेच्या आधीच्याच आठवड्यातली ही गोष्ट असल्यामुळे त्या दिवशी मी ती पथकप्रमुखांना ऐकवली आणि त्यांनी ती मान हलवून ऐकून घेतली.

आमचा वाद चालू असतानाच बायका चालत गोदामापर्यंत आल्या. पुढे होती ती साठीच्या घरातली, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली. मी यादीचा कागद दाखवून पावती मिळेल असे सांगताच ती म्हणाली, "सायबानु, माका पावती नको, माझो हारो दिया. उद्या चवथ. परवा ह्या कवंडळांका कोण इचारतलो?" हारो म्हणजे टोपली.

ढीग वेगळा कसा करायचा हा प्रश्न होता. मुकादमाचे म्हणणे होते की प्रत्येकजण चांगले तेवढे आपले म्हणेल आणि भांडणे होतील. मी दार उघडून ढीग सिमेंटच्या फरशीवर पसरायला लावला आणि त्यानंतर जे पाहिले ते पाहायला पथकप्रमुखही खुर्ची सोडून आले. बायका माल ओळखत होत्या तो बांधणीवरून. एकीने कवंडळे केवणीच्या दोराने देठाशी दुहेरी वेढा देऊन बांधली होती, दुसरीने केळीच्या सोपाने आणि गाठ उजवीकडे घेऊन, तिसरीच्या तेरड्याच्या जुड्यांना मुळे तशीच होती आणि मुळांची माती लाल नसून काळसर होती, कारण तिचे परसू खाडीकाठचे होते. "ह्या माझा नाय, ह्या तिचा," असे म्हणून त्या एकमेकींकडे जुड्या सरकवत होत्या. एका शिपट्यावरून तेवढे दोघींचे थोडे वाजले; सुपाऱ्या मोजून आणि तुटलेला देठ जुळवून तेही मिटले. तासाभरात फरशीवर सात वाटे पडले आणि एक हारा उरला, ज्याची मालकीण आलेली नव्हती.

मग मी यादी केली, प्रत्येकीच्या नावागावासह आणि नगांसह. नुकसानीसाठी वहीत रकाना नाही, म्हणून फुटलेली कवंडळे आणि दोन ठिकाणी चिरलेले एक तवसे मी शेऱ्यात लिहिले. मुकादमाला ते आवडले नाही, पण सही त्याचीच हवी होती आणि पथकप्रमुखांनी त्याला ती करायला लावली.

अडले ते दंडापाशी. आमच्याकडे माल सोडवायचा म्हणजे 500 रुपये भरायचे, आणि रोखपाल सणाची सुट्टी पकडून दुपारीच गावी निघून गेलेला. म्हणजे एखादीने कनवटीचे पैसे सोडले असते तरी ते घ्यायला खिडकीत माणूस नव्हता. तसेही सगळे सामान विकून त्यातल्या कोणाच्या हाती 500 रुपयांहून फारसे अधिक आले असते असे मला वाटत नाही. बैल विकून दावण घ्यावी तसला तो व्यवहार होता. मी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी पाच मिनिटे कलम ऐकून घेतले, मग पथकप्रमुखांना फोन द्यायला सांगितले, आणि दंडाचा निर्णय राखून ठेवून माल यादीवर सही घेऊन सोडावा असे ठरले. तेव्हा तीन वाजून गेले होते.

माल सुटला तरी बसायचे कुठे हे उरलेच होते. मंडईच्या मागची जागा दाखवल्यावर बायकांनी साफ नकार दिला, कारण तिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. इथे पथकप्रमुखांनी जे केले ते कोणत्याही कलमात नाही. ते स्वतः बाजारात गेले, दोन दुकानदारांना बाहेर मांडलेल्या खुर्च्या आणि मखरांचे खोके आत घ्यायला लावले, आणि तिथे बायकांना एका ओळीत बसवले. रस्ता तेवढाच रुंद राहिला. ज्या दुकानदारांना आजवर कोणी हलवले नव्हते त्यांना हलवण्यासाठी टेम्पो लागलाच नाही, केवळ एका अधिकाऱ्याने समोर जाऊन उभे राहणे पुरले.

आठव्या हाऱ्याची मालकीण शेवटपर्यंत आली नाही. पुढच्या आठवड्यात तो माल पंचनामा करून टाकून दिला.

सण झाल्यावर मी टिपणी सादर केली. जिथे विक्रेते आणि गिऱ्हाइके परंपरेने जमतात त्या ठिकाणाला नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून नैसर्गिक बाजार ठरवता येते, अशी तरतूद कायद्यात आहे. चवथीचा आमचा बाजार नगरपरिषदेच्या डांबरी रस्त्यापेक्षा जुना आहे, तेव्हा वर्षातले ते दोन दिवस रस्त्याच्या एका बाजूला फक्कीने आखून द्यावेत, असे मी सुचवले. फाइल समितीकडे गेली. व्यापाऱ्यांनी लेखी हरकत घेतली की दोन दिवसांसाठी बसलेले बाराही महिने बसतील. ही हरकत मी उडवून लावत नाही, कारण माटवीवाल्या बायकांच्या रांगेत प्लास्टिकच्या फुलांचे आणि तोरणांचे गाडे घेऊन बाहेरून आलेले लोकही शिरतात, आणि ते चवथ झाली तरी उठत नाहीत.

गावनिहाय यादी करून प्रस्ताव पुन्हा ठेवावा, असे समितीने कळवले आहे आणि यादीचे काम माझ्याकडे आले आहे. तोरणवाल्यांना त्या यादीत घ्यायचे की नाही, यावर पथकप्रमुखांचे आणि माझे अजून जमलेले नाही. पोट त्यांनाही आहे, असे या खेपेला तेच म्हणतात.