जिना

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की चार मजले पायी चढावे लागतात, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून दम खाताना मला किम की-यंग आठवतात. या कोरियन दिग्दर्शकाचा ‘हान्यो’, म्हणजे ‘मोलकरीण’, हा १९६० सालचा चित्रपट पाहिल्यापासून जिना ही वस्तू मला पूर्वीसारखी निमूट वाटत नाही.

कापडगिरणीतल्या मुलींना संगीत शिकवणारा एक मास्तर, शिलाई मशीन चालवून दुमजली घराची हौस पुरी करणारी त्याची बायको, आणि तिच्याने कामाचा भार सोसेना म्हणून घरात आणलेली मोलकरीण. वर पियानो आणि मोलकरणीची खोली, खाली संसार, मध्ये जिना. वरचा मजला ही प्रतिष्ठेची खूण खरी, पण किम तिची किंमत एकेका पायरीवर वसूल करतात. घरात उंदराचे विष आहे हे एकदा कळले की साधा पाण्याचा पेला वर जाताना दिसला तरी आपण पायऱ्या मोजू लागतो. याच जिन्यावरून घाबरून पळताना लहान मुलगा कोसळतो. शेवटी विष घेतलेला मास्तर बायकोजवळ मरावे म्हणून खाली सरपटू लागतो, तेव्हा मोलकरीण त्याचा पाय सोडत नाही आणि तिचे डोके पायरीपायरीवर आपटत जाते. हा प्रसंग भीषण आहे आणि थोडा हास्यास्पदही. किम यांना दोन्ही हवे असावे, असे मला वाटते.

किम दंतवैद्यक शिकले होते. त्यांची पत्नीही दंतवैद्य होती आणि तिच्या मिळकतीचा त्यांच्या चित्रपटांना आधार असे. हे समजल्यावर पडद्यावरच्या शिलाई मशीनची खडखड निराळीच ऐकू येते. १९७१ साली त्यांनी हीच कथा पुन्हा सांगितली, तेव्हा पदार्पण केलेल्या अभिनेत्री युन यो-जंग यांनी २०२१ मध्ये ऑस्कर स्वीकारताना आपल्या या पहिल्या दिग्दर्शकाचे आभार मानले. ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटातल्या जिन्यांचे ऋण त्याचे दिग्दर्शक बोंग जून-हो यांनीही मोकळेपणी मान्य केले आहे.

१९९८ साली घराला लागलेल्या आगीत किम पती-पत्नी दोघेही गेले. ‘हान्यो’च्या मूळ निगेटिव्हमधली दोन रिळे हरवली होती, २००८ च्या जीर्णोद्धारात ती हाताने लिहिलेली इंग्रजी उपशीर्षके असलेल्या एका जुन्या प्रिंटवरून घेतली गेली आणि ती अक्षरे पुसावी लागली. त्या भागात चित्र किंचित भरड होते आणि डोळा अडखळतो, जिन्यात एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी असावी तसा.