आमची वाटचाल : तिथी बघून बुकिंग

ठाण्यात नौपाड्यात दोन टेबलांचं आमचं ऑफिस आहे. आम्ही दोघं नवराबायको आणि फोन सांभाळणारी एक मुलगी, एवढाच कारभार. 2013 पर्यंत मी वागळे इस्टेटमध्ये हिशेब लिहायचो. बायको चेंदणी कोळीवाड्यातली. तिच्या मावशीचं सासर दापोली तालुक्यात, हर्णैला लागून असलेल्या पाजपंढरीला. त्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. ठाण्यातली माणसं तिथे राहायला न्यावीत, असं आमच्या मनात आलं आणि धंदा सुरू झाला.

पहिली सहल मी हौसेनं पौर्णिमेची ठरवली. चांदण्यातला समुद्र, आणि संध्याकाळी पाच वाजता होडीनं सुवर्णदुर्ग, म्हणजे हर्णैसमोरचा समुद्रातला किल्ला. चौदा माणसं नेली. पाच वाजता किनाऱ्यावर गेलो तर पाणी पार आत गेलेलं, होडी वाळूत बसलेली. लहान मुलं रडकुंडीला आली. एका काकांनी तिथेच पैसे परत मागितले, आणि मी ते दिले.

रात्री मावशी ओट्यावर बसून मांदेली साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जावयबापू, हिशेबाचं काम करता ना? पंधराची पाऊणपट किती?"

"सव्वा अकरा."

"मग पुनवेला सव्वा अकराला भरती. तिथून सहा तासांनी पाणी कुठे असणार?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, पंचमीला पावणेचारला. रोज पाऊण तासानं पुढे. मिनिटांचा फरक पडतो, पण होडी काढायला एवढं पुरतं. मावशींना वार विचारला तर आठवावा लागतो, तिथी तोंडावर असते. सगळं घर तिथीवर चालतं. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस वेगळे; भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे वेगळे. आमची वही तेव्हापासून बदलली. बुकिंगच्या पानावर तारखेच्या आधी तिथीचा रकाना आला, आणि किल्ल्याची वेळ ग्राहकाला विचारून ठरवणं आम्ही बंद केलं.

जेवणाचंही तेच. "पापलेट नक्की मिळेल ना?" हा प्रश्न रोज येतो. आम्ही नक्की म्हणत नाही. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव होतो. मोठ्या होड्या खोल पाण्यात थांबतात, बैलगाड्या पाण्यात उतरून मासळी वाळूवर आणतात. तिथे मावशींना जे परवडेल ते रात्री ताटात. कधी सुरमई, कधी नुसते बांगडे. पण त्या बांगड्याचं कालवण आणि तव्यावरून थेट पानात आलेली तांदळाची भाकरी खाल्ल्यावर आजवर कुणी पापलेटची आठवण काढलेली नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आम्हीही पाजपंढरीचं बुकिंग घेत नाही. तो काळ घराच्या विश्रांतीचा आणि जाळी सांधण्याचा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की आमची वही पुन्हा उघडते.

मधली वर्षं बरी गेली. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. लॉकडाऊनमुळे आमचं ऑफिस आधीच बंद होतं. दोन दिवस फोन लागेना. लागला तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "माणसं आहेत. कौलं गेली." बायकोनं जुनी वही काढली आणि राहून गेलेल्या एकेका कुटुंबाला फोन केला, की पुढच्या वर्षीच्या मुक्कामाचे पैसे आत्ता द्याल का? बऱ्याच जणांनी दिले. पैसे परत मागणारे ते काकाही त्यांत होते. त्या पैशांतून छपरावर पत्रे चढले. त्या मदतीचं मोल मला शब्दांत मांडता येत नाही.

खोल्या अजून दोनच आहेत आणि माणसं जास्तीत जास्त आठ. वर मजला चढवा, एसी लावा, असं सांगणारे भेटतात. एका मोठ्या बुकिंगवाल्यानं वर्षभर खोल्या भरून देतो म्हटलं, पण दर तो ठरवणार होता. दर मावशी ठरवतात. त्यांचा आकडा जसाच्या तसा त्यांना पोचतो, आमचे पैसे आम्ही वेगळे दाखवून घेतो.

2025 मध्ये सुवर्णदुर्गाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं आणि फोन वाढले. परवा एकानं विचारलं, "शनिवारी दुपारी चारला किल्ला होईल का?" आमची फोनवरची मुलगी कॅलेंडरकडे वळली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "शनिवारी पंचमी आहे, पावणेचारला भरती. या."